न केलेल्या प्रयोगांचे ३० गुण

बारावी विज्ञानात भौतिकशास्त्र हा १०० गुणांचा विषय आहे. ७० गुण लेखी परीक्षेचे, ३० प्रात्यक्षिकाचे. त्या ७० गुणांची काळजी घराघरांत वर्षभर चालते. क्लास कोणता लावायचा, टेस्ट सिरीज कुणाची चांगली, गेल्या वर्षी कोणत्या धड्यावर किती प्रश्न आले, यावर चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत बोलणं होतं. उरलेल्या ३० गुणांविषयी कुणी अवाक्षर काढत नाही, कारण ते मिळणारच असतात. जानेवारी-फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा होते आणि दोन वर्षांत ज्यांनी प्रयोगशाळेचा उंबरा जेमतेम ओलांडला, अशी मुलं २८-२९ गुण घेऊन बाहेर पडतात.

आज मला या ३० गुणांविषयीच बोलायचं आहे. हे गुण फुकटचे आहेत असं सगळ्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. त्यांची किंमत मुलं मोजतात आणि ती फार मोठी आहे. विज्ञान शिकवण्याच्या नावाखाली आपण १६-१७ वर्षांच्या मुलांकडून खोटी नोंद करून घेतो, तिच्यावर सही-शिक्का मारतो आणि त्याबद्दल गुणही देतो. विज्ञानाशी त्यांची पहिली खरी ओळख अशी होते.

मी भौतिकशास्त्रात एम. एस्सी. केलं. नोकरी बँकेत करते. गेली काही वर्षं दर रविवारी आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत अकरावी-बारावीच्या मुलामुलींना फिजिक्स शिकवते. बहुतेक मुलं उर्दू माध्यमातून दहावी झालेली, काही मराठी माध्यमातली. कुणाचे अब्बा गवंडी, कुणाचे रिक्षाचालक, कुणाची अम्मी शिवणकाम करते. पुढे जे लिहिते आहे ते या मुलांच्या वह्या पाहून लिहिते आहे.

जर्नल कसं तयार होतं

जर्नलची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विद्यार्थ्याने प्रयोग करायचा, रीडिंग घ्यायची, तक्ता भरायचा, गणित करून उत्तर काढायचं आणि हे सगळं जर्नलमध्ये लिहायचं, असा नियम आहे. पहिल्याच पानावर प्रमाणपत्र असतं: अमुक विद्यार्थ्याने वर्षभरातले प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत. खाली शिक्षकांची सही, प्राचार्यांची सही, परीक्षकांची सही.

प्रत्यक्षात डिसेंबर उजाडला की एका 'हुशार' मुलीचं मागच्या वर्षीचं जर्नल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. पानापानाचे फोटो. मग दोन रात्री बसून ६० मुलं तेच तक्ते उतरवून काढतात. जी थोडी सावध असतात ती एखाद्या आकड्यात शेवटचा अंक बदलतात. स्क्रू गेजने तारेची जाडी मोजलेली असते, मीटर ब्रिजवर रोध काढलेला असतो, सोनोमीटरच्या तारेवरचा कागदाचा तुकडा उडालेला असतो, रेझोनन्स ट्यूबमध्ये आवाज घुमलेला असतो. हे सगळं कागदावर. स्क्रू गेज हातात धरलंय का असं विचारलं तर मुलं एकमेकांकडे बघून हसतात.

यात कुणाचाच तोटा दिसत नाही, म्हणून कुणी तक्रार करत नाही. मुलाचा वेळ वाचतो. कॉलेजचा निकाल उजळतो. क्लासवाल्यांना मुलं दिवसभर मोकळी मिळतात. बाहेरून आलेले परीक्षक संध्याकाळची गाडी गाठतात. पालकांना गुणपत्रिका छान दिसते. सगळे खूश.

अपवाद आहेत. प्रयोगशाळेत जीव ओतणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि कित्येक ठिकाणी शिक्षकाच्या हातात काही उरलेलंच नसतं. तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनावर नेमलेला माणूस संस्थाचालकाला कोणत्या तोंडाने सांगणार की मला आठवड्याला दोन तास लॅब उघडून द्या? म्हणून माझा रोख शिक्षकांवर नाही. ज्यांच्या हातात किल्ली आहे त्यांच्यावर आहे. आणि किल्ली का मागत नाही म्हणून आपल्यावर, म्हणजे पालकांवर आणि समाजाच्या पुढाऱ्यांवर आहे.

६० मुलांचं एकच उत्तर

"एक प्रयोग नाही केला तर काय बिघडतं, उत्तर तर बरोबरच लिहिलंय ना?" असं मला एका पालकाने विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे, त्यामुळे उत्तर आकड्यांत देते.

लंबकाचा प्रयोग घ्या. १ मीटर लांबीचा लंबक एका पूर्ण आंदोलनाला साधारण २ सेकंद घेतो. २० आंदोलनांना ४० सेकंदांच्या किंचित वर. घड्याळ सुरू करताना आणि बंद करताना माणसाचा हात थोडा पुढे-मागे होतोच. सगळा मिळून ०.३ सेकंदांचा फरक पडला, तरी गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९.६६ ते ९.९५ यांच्यामध्ये कुठेही येऊ शकतं. म्हणजे ६० मुलांनी खरोखर प्रयोग केला तर ६० उत्तरं जरा जरा वेगळी यायला हवीत. सगळ्यांचं ९.८ आलं असेल तर एकच गोष्ट सिद्ध होते: प्रयोग कुणीच केलेला नाही.

काही जर्नलांत तर ९.८१ असतं. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे हे मूल्य सगळीकडे सारखं नसतं. मुंबईच्या अक्षांशावर ते सुमारे ९.७९ आहे. ९.८१ हे युरोपातल्या अक्षांशांचं मूल्य. आमची मुलं महाराष्ट्रात बसून जर्नलमध्ये युरोपचं गुरुत्वाकर्षण लिहितात आणि त्यावर सही होते.

आता कुणी म्हणेल, मुलांचंच काय घेऊन बसलात? बरोबर आहे. उत्तर आधी ठरवून मोजमाप करण्याचा मोह मोठमोठ्यांनाही होतो. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवर प्रयोग करून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. त्यासाठी त्यांना १९२३ सालचं नोबेल मिळालं. हवेच्या चिकटपणाचं जे मूल्य त्यांनी वापरलं ते थोडं चुकीचं होतं, त्यामुळे त्यांचं उत्तर खऱ्यापेक्षा जरासं कमी आलं. पुढे काय झालं हे रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलटेकच्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांना सांगितलं. नंतरच्या लोकांची उत्तरं एकदम खऱ्या मूल्यावर गेली नाहीत, हळूहळू वर सरकत गेली. कारण उत्तर मिलिकनपेक्षा फार वेगळं आलं की लोक आपली चूक शोधत बसत, आणि जवळपास आलं की शोध थांबवत. फाइनमन यांचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता: शास्त्रज्ञाने सगळ्यात आधी स्वतःला फसवू नये.

ही गोष्ट बारावीच्या वर्गात सांगायला हवी. आपण उलट करतो. स्वतःला आणि दुसऱ्याला कसं फसवायचं याचा दोन वर्षांचा कोर्स देतो.

'नीटमध्ये प्रॅक्टिकल कुठे असतं?'

हा सगळ्यांचा आवडता युक्तिवाद. नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं, त्यात फिजिक्सचे ४५. एका प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. अशा परीक्षेला बसणाऱ्या मुलीने लंबक मोजत का बसायचं? सीईटीचंही तेच. बारावीच्या टक्क्यांचा उपयोग फक्त पात्रतेपुरता, मग कॉलेजात जायचंच कशाला? यातूनच 'इंटिग्रेटेड', 'टाय-अप', 'डमी' हे शब्द आपल्या घरात शिरले. नाव एका कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये. २०१८ साली राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. पण अंगठा उमटवून घेतल्याने प्रयोग होत नाहीत. हजेरी मोजता येते, समज नाही.

या युक्तिवादाला माझी दोन उत्तरं आहेत.

पहिलं साधं आहे. नीटमध्ये प्रॅक्टिकल नसतं हे खरं नाही. सध्याच्या नीट अभ्यासक्रमात भौतिकशास्त्राचा शेवटचा घटकच प्रायोगिक कौशल्यांचा आहे. व्हर्नियर, स्क्रू गेज, लंबक, मीटर ब्रिज, रेझोनन्स ट्यूब, झेनर डायोड, सगळं त्यात नावानिशी दिलेलं आहे. जेईईच्या अभ्यासक्रमातही तसा घटक आहे. हजारो रुपयांची फी भरणाऱ्या पालकांपैकी किती जणांनी तो अभ्यासक्रम उघडून पाहिला? क्लासमध्ये तो घटक पाठ करून घेतात: लीस्ट काउंटचं सूत्र हे, झीरो एररची खूण अशी. ज्या मुलाने स्क्रू गेजचं डोकं स्वतः फिरवून 'टक' असा आवाज ऐकला आहे, त्याला ही खूण पाठ करावी लागत नाही.

दुसरं उत्तर महत्त्वाचं आहे. नीट देणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, कोणता विषय रडवतो? बहुतेकांचं उत्तर फिजिक्स. बायोलॉजी पाठ होते, केमिस्ट्रीचा बराच भाग पाठ होतो, फिजिक्स पाठ होत नाही. बारावीच्या पुस्तकात १६ धडे आहेत आणि त्यातले निम्मे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींविषयी आहेत: विद्युतक्षेत्र, चुंबकीय प्रवाह, तरंगांची कला, ऊर्जेच्या पातळ्या. या गोष्टी हाताला लागल्याशिवाय डोक्यात बसत नाहीत. चुंबक वेटोळ्यात झपकन ढकलला तर काटा जोरात हलतो, हळू ढकलला तर जेमतेम हलतो, आत नुसता धरून ठेवला तर हलतच नाही. हे एकदा पाहिलेल्या मुलीला फॅरेडेचा नियम आयुष्यभर विसरता येणार नाही. न पाहिलेली मुलगी सूत्र घोकते, प्रश्न जरा फिरवून आला की गोंधळते आणि पर्यायांवर अंदाजाने गोळा रंगवते. मग ड्रॉप. मग दुसरा ड्रॉप. प्रयोगशाळेचे जे तास 'वाचवले' त्यांच्या कितीतरी पट वर्षं अशी जातात.

काट्याला भाषा नसते

आमच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. दहावीपर्यंत जे मूल 'इस्राअ', 'कुव्वत', 'इन्इताफ' शिकलं, किंवा 'त्वरण', 'बल', 'अपवर्तन' शिकलं, त्याच्यासमोर अकरावीच्या पहिल्या दिवशी ॲक्सलरेशन, फोर्स, रिफ्रॅक्शन येतं. आपल्याकडे अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीतूनच शिकवलं जातं. गंमत अशी की नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, उर्दूतही मिळते. पण त्याआधीची दोन वर्षं त्या भाषेत एक तासही होत नाही. दहावीला विज्ञानात ८५ गुण मिळवलेली मुलगी अकरावीत सहा महिने गप्प बसते. तिला विषय कळत नाही असं नाही, तिला वाक्य कळत नाही. आणि घरी निष्कर्ष निघतो: "हिला सायन्स झेपत नाही, आर्ट्सला घाला."

या मुलीला सगळ्यात जास्त गरज प्रयोगशाळेची आहे. ॲमीटरचा काटा इंग्रजीतून हलत नाही. भिंगामागच्या पडद्यावर उलटी प्रतिमा पडते ती कुठल्याच माध्यमाची नसते. ती समोर दिसली की 'इन्इताफ' आणि 'रिफ्रॅक्शन' हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत हे तिला कळतं. मग इंग्रजी शब्दाची भीती उरत नाही. प्रयोगशाळा बंद ठेवल्याने श्रीमंताच्या मुलाचं नुकसान होतं, पण त्याच्याकडे इंग्रजी असतं, घरी विचारायला कुणी असतं. आमच्या मुलांकडे दुसरं काहीच नसतं. त्यांचा एकमेव पूल आपण कुलूप लावून ठेवला आहे.

मुलींच्या बाबतीत एक जास्तीचं कारण पुढे केलं जातं: प्रॅक्टिकल दुपारच्या सत्रात असतं, परतायला उशीर होतो. हीच मुलगी क्लासला मात्र संध्याकाळी साडेसातपर्यंत बसते आणि त्याला कुणाची हरकत नसते. म्हणजे अडचण वेळेची नाही. आपल्याला गुण हवे आहेत, ज्ञान नको आहे.

अभिमान कशाचा?

शैक्षणिक जलशांत आणि सत्कार समारंभांत एक नाव हमखास घेतलं जातं: इब्न अल-हैसम. बसऱ्यात जन्मलेला, कैरोत काम केलेला, हजार वर्षांपूर्वीचा प्रकाशशास्त्रज्ञ. वक्ते त्याचं नाव घेतात आणि टाळ्या पडतात. पण त्याने केलं काय? त्याने अंधाऱ्या खोलीच्या छिद्राबाहेर अनेक दिवे ठेवले, आतल्या भिंतीवर पडलेले प्रकाशाचे ठिपके पाहिले, मग एकेक दिवा झाकला आणि कोणता ठिपका नाहीसा होतो ते तपासलं. प्रकाश सरळ रेषेत जातो हे त्याने कुणाच्या ग्रंथातून उतरवून घेतलं नाही. उलट टॉलेमीसारख्या थोर माणसाच्या लिखाणातल्या शंका दाखवणारं वेगळं पुस्तक लिहिलं. त्याचं नाव घेण्याचा हक्क हवा असेल तर आधी आपल्या कॉलेजची लॅब उघडायला हवी. त्याच्या नावाने टाळ्या वाजवायच्या आणि घरी येऊन मुलाला तयार जर्नल उतरवायला बसवायचं, हा त्या माणसाचा अपमान आहे.

२०१५ हे वर्ष मला या संदर्भात नेहमी आठवतं. संयुक्त राष्ट्रांनी ते आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून साजरं केलं. युनेस्कोने त्या निमित्ताने इब्न अल-हैसमचं काम जगापुढे मांडलं. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेस भरली आणि प्राचीन काळी आपल्याकडे विमानं होती असा दावा करणारा निबंध तिथे वाचला गेला. आपल्यातल्या अनेकांनी त्यावर हसून घेतलं. पण सगळं आधुनिक विज्ञान आपल्या धर्मग्रंथात आधीच सांगितलेलं आहे, असं सांगणारे व्हिडिओ आपल्याच फोनवर रोज फिरतात. ते मात्र आपण हसत नाही, पुढे पाठवतो. दोन्हींची जात एकच आहे. उत्तर आधीच ठरलेलं, मोजायची गरज नाही. ९.८ लिहून मग तक्ता भरायचा. जर्नल उतरवणारं मूल उद्या असे दावे बिनदिक्कत मान्य करणारा नागरिक होतं, आणि मग आपण विचारतो की शिकलेली माणसं अफवांवर विश्वास कशी ठेवतात!

त्याच २०१५च्या जुलैत मुंबईत आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड झालं. बारावीपर्यंतच्याच वयाची जगभरातली मुलं आली होती. त्या स्पर्धेत ५० पैकी २० गुण प्रयोगाचे असतात आणि ते खरोखर मोजून मिळवावे लागतात. भारतीय मुलांची तयारी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात करून घेतली जाते. म्हणजे कसं शिकवायचं हे या देशाला, या राज्याला माहीत नाही असं अजिबात नाही. माहीत आहे. फक्त ते मूठभरांसाठी राखून ठेवलं आहे.

'गरिबाला हे चोचले परवडत नाहीत'

हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. ज्या घरात मुलीच्या क्लासची फी भरायला दागिने गहाण पडले आहेत, तिथे 'विज्ञानाची दृष्टी' वगैरे शब्द पोकळ वाटतात हे मला कळतं. मेडिकलची एक सीट सगळ्या घराला वर काढते.

पण हिशोब पूर्ण करू या. नीटला बसणाऱ्यांतल्या बहुसंख्यांना सरकारी कॉलेजात एमबीबीएसची जागा मिळत नाही, मिळू शकत नाही, जागाच तेवढ्या नाहीत. उरलेल्यांचं काय? एखादी मुलगी बी. एस्सी.ला जाते. कुणी एक्स-रे टेक्निशियन होतो, कुणी डिप्लोमा करतो, कुणी आयटीआय, कुणी सोलर पॅनल बसवणाऱ्याच्या हाताखाली लागतो. या प्रत्येक ठिकाणी मीटर धरता येणं, रीडिंग नीट घेणं, आलेलं रीडिंग संशयास्पद वाटलं तर पुन्हा मोजणं, याचेच पैसे मिळतात. नीटच्या बाहेर पडल्यावर 'शॉर्टकट ट्रिक' कुठेच चालत नाही. ज्या मुलाला सीट मिळणार नाही त्याच्यासाठीच प्रयोगशाळा जास्त गरजेची आहे.

आणि खर्चाचं म्हणाल तर आमच्या अभ्यासिकेत लॅब नाही. खिडकीचे गज आहेत, सुतळी आहे, मोबाइलचं स्टॉपवॉच आहे. एका मुलीने अब्बांचा गवंडीकामातला ओळंबा आणला. दोरी गाठीपर्यंत ९७ सेंटिमीटर मोजली, २० झोके मोजले, ४०.३ सेकंद आले. गणित केलं तर ९.४३. ती घाबरली. "बाजी, गलत आया!" मी काही बोलले नाही. बाकीच्या मुलांनी घड्याळ पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मग तिच्याच शेजारणीने विचारलं, लांबी गाठीपर्यंत का मोजायची, वजन तर ओळंब्याच्या पोटात आहे? पोटापर्यंत मोजलं तर बरोबर १०० सेंटिमीटर भरले. उत्तर आलं ९.७२. मी विचारलं, ९.८ करायचं का? तर म्हणाली, "आया नहीं तो कैसे लिखूं?"

हे वाक्य शिकवायला त्या दिवशी एक ओळंबा आणि ४० मिनिटं लागली. प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा आणि पाण्याची बादली असेल तर ध्वनीचा वेगही मोजता येतो. मोबाइलवर ५१२ हर्ट्झचा सूर लावायचा आणि पाइप पाण्यात खाली-वर करायचा. पाण्यावरचा भाग १६-१७ सेंटिमीटर झाला की आवाज एकदम मोठा होतो. साहित्य महाग आहे, मोडतं, ही सबब संस्थाचालकांनी आता पुरे करावी. कपाटातल्या धुळीने जेवढं साहित्य मोडलं तेवढं मुलांच्या हातून कधी मोडलेलं नाही.

मग करायचं काय?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

ज्या संस्था आपल्या समाजाच्या नावाने कनिष्ठ महाविद्यालयं चालवतात त्यांनी प्रयोगशाळेचं वेळापत्रक दारावर लावावं आणि महिन्यातून एक रविवार लॅब परिसरातल्या कुठल्याही विद्यार्थ्यासाठी उघडी ठेवावी, मग तो कोणत्याही कॉलेजचा आणि कोणत्याही धर्माचा असो.

ज्या ट्रस्ट आणि दानशूर मंडळी क्लासच्या फीसाठी शिष्यवृत्त्या देतात त्यांनी एक अट घालावी: मूल ज्या कॉलेजात नाव घालतं तिथे प्रयोग होतात का, हे आधी पाहावं. डमी प्रवेशाला समाजाचा पैसा देऊ नये.

दहावीची परीक्षा संपल्यावर आणि अकरावी सुरू होण्याआधी दोन-तीन महिने मिळतात. त्या काळात उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी शब्दांची आणि मोजमापाची ओळख करून देणारे वर्ग मोहल्ल्या-मोहल्ल्यात घ्यावेत. शिकवायला पदवीधर मुलंमुली आपल्याकडे आहेत, त्यांना कुणी बोलावत नाही एवढंच.

शिक्षण मंडळाकडे एकच मागणी. प्रात्यक्षिक परीक्षेत एक तरी मोजमाप असं ठेवा ज्याचं उत्तर पुस्तकात नाही: एखादी अनोळखी तार, एखादं अनोळखी भिंग. आणि गुण उत्तराला देण्याऐवजी रीडिंगला द्या. चुकलेलं पण प्रामाणिक रीडिंग हे उतरवलेल्या बरोबर उत्तरापेक्षा वरचं माना.

आणि पालकहो, तुमच्याकडून अपेक्षा सगळ्यात छोटी आहे. आज रात्री मुलाचं जर्नल मागून घ्या. तुम्हाला फिजिक्स येण्याची गरज नाही. लंबकाचं पान काढायला सांगा आणि विचारा: हे २० झोके तू कुठे मोजलेस, दोरी कशाला बांधली होती, सोबत कोण होतं? त्याला सांगता आलं तर शाबासकी द्या, उत्तर काहीही आलेलं असो. सांगता आलं नाही तर त्याला रागावू नका. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जा आणि लॅबची किल्ली कुणाकडे असते ते विचारा.